उशिराचं कारण

अहवालात एक रकाना आहे: उशिराचं कारण.
गेल्या खेपेला मी तिथं लिहिलं, "भाषा".
कुणी काही विचारलं नाही.
बेळगावात हे कारण कुठल्याही रकान्यात बसतं.

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागं, दुसऱ्या मजल्यावर
आम्ही विमानाच्या ब्रेकला अक्कल शिकवतो:
कधी धरायचं, किती धरायचं, कधी सोडायचं.
खालून जळक्या वाळूचा वास येतो,
कीबोर्डच्या फटीत बसतो.
अठरा महिन्यांचं काम होतं. सहावं वर्ष चालू आहे.

सुरुवात अ‍ॅडात झाली.
नवी पोरं तिला येडा म्हणायची.
हुक्केरी सरांना राग यायचा नाही.
"येडीच आहे की. पण चप्पल मोजून घेते आत."
त्यांची मराठी अशीच,
कानडीच्या उंबऱ्यावर जरा थांबून आत येणारी.
एक ते नऊ ठरलं की दहा घ्यायची नाही ती बाई.
आठ दिवस भांडायची, नवव्या दिवशी गप्प,
आणि तिच्या गप्प बसण्यावर
मला रात्री झोप लागायची.

मग बंगळुरूहून निरोप आला: माणसं मिळत नाहीत.
सी प्लस प्लस करा,
त्याची माणसं कुठल्याही स्टँडवर मिळतात.
तीन वर्षांचं लिखाण उचललं, नव्या घरात नेलं.
भांडी तीच, फळ्या वेगळ्या.
मग एक नियमावली केली: हे वापरू नका, तेही नको.
दोनशे अकरा "नको".
त्यातले निम्मे तरी
आधीच्या भाषेत तोंडातून निघालेच नसते.
म्हणजे भाषेनं काही होत नाही
असं मी म्हणणार नाही.

सर त्याच महिन्यात निवृत्त झाले.
जाताना डबा विसरले.

खानापूर रोडला पाट्यांना काळं फासलं जातं,
त्या दिवशी गाव कंडक्टरला विचारावं लागतं.
मी तसंच विचारत विचारत मागं गेले.
चाचणीतून कोडात, कोडातून आराखड्यात,
आणि शेवटी मूळ मागणीपत्रात, पान एकोणसाठ,
इंग्रजीत, म्हणजे तिसऱ्याच भाषेत:
चाक घसरल्यास ब्रेक त्वरित सोडावा.

त्वरित म्हणजे किती?
अ‍ॅडात पाच मिलिसेकंद, सरांनी तसं धरलं म्हणून.
सी प्लस प्लसमध्ये वीस, रुद्रगौडानं तसं धरलं म्हणून.
आणि चाक म्हणजे एक, की चारही?
दोन्ही भाषांत व्याकरण चोख होतं.
दोन्हींतलं पडद्यावरचं विमान
ओल्या धावपट्टीच्या टोकाला जाऊन
हिरव्या रेघेपलीकडं उतरत होतं.

बैलहोंगलला फोन लावला.
"पाच कुठून आणलं, सर?"
पलीकडं कुकरची शिट्टी झाली.
"सांब्र्याला पावसात उतरलो होतो एकदा, चौगुलेबाई.
खिडकीशी बसून मनात मोजलं."
मग जरा वेळानं, "तुम्ही कुणी विचारलं नाही की."

आम्ही नव्हतंच विचारलं.
भाषा बदलायला चौदा बैठका झाल्या, चहासकट.
पान एकोणसाठला एकही नाही.

संध्याकाळी दुसऱ्या गेटाला फाटक पडलेलं.
गाडी कुठंच दिसत नव्हती. स्कूटरवाले हॉर्न मारत होते,
दोन्ही भाषांत फाटकवाल्याच्या आईचा उद्धार चालला होता.
तो फोन कानाला लावून
पलीकडच्या माणसाला पुन्हा पुन्हा विचारत होता,
निघाली? नक्की निघाली? कुठल्या रुळावरनं?
मी इंजिन बंद केलं.

आज रकान्यात "त्वरित" लिहिलं.
यंत्रानं घेतलं नाही. पर्याय चारच:
भाषा, माणसं, पुरवठादार, इतर.

सरांचा डबा माझ्या खणात आहे, झाकण घट्ट बसलंय.
शनिवारी जाऊन देऊन येईन म्हणते.
कितवा शनिवार, ते लिहून ठेवलेलं नाही.